जंबोतली तिसरी खुर्ची

कुंभार पिंपळगावच्या पुंजाराम कंटुलेला कुणी विचारलं, "तुम्ही विमान चालवायचे म्हणं?" तर तो लगेच "न्हाई" म्हणायचा. विचारणारा ओशाळायचा. मग पुंजारामलाच कसंतरी व्हायचं आणि तो समजावून सांगायला बसायचा. "चालवणारे दोघं म्होरं बसत्यात. मी तिसरा. मी इंजिनं बघायचो." एवढं सांगूनही समोरच्याच्या चेहऱ्यावर उजेड पडत नसे. ड्रायव्हर कळतो, कंडक्टर कळतो, पण हा तिसरा कोण?

रामराव कंटुल्याचा हा धाकटा मुलगा मॅट्रिक झाल्यावर औरंगाबादला जाऊन हवाई दलात भरती झाला. तिथं त्याला इंजिनाचं काम शिकवलं. मुदत संपल्यावर तो बाहेर पडला आणि मुंबईला एका विमान कंपनीच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये, लागला. हँगरमध्ये राहून परीक्षा दिल्या आणि जमिनीवरचा माणूस विमानात चढला. १९८१ साली, जालना वेगळा जिल्हा झाला त्याच उन्हाळ्यात, पुंजारामला जंबोवर घेतलं.

जंबो म्हणजे चार इंजिनांचं, पुढून दुमजली विमान. चारशे माणसं एका वेळी पोटात घ्यायचं. विमान चालवायची खोली वरच्या मजल्यावर. काचेसमोर दोन वैमानिक, आणि त्यांच्या मागं उजव्या बाजूला तिसरी खुर्ची, आडवी फिरवलेली. त्या खुर्चीसमोर काच नाही. वरपासून खालपर्यंत काटे, दिवे आणि खटके यांनी भरलेली भिंत. कोणतं इंजिन किती तापलंय, तेलाचा दाब किती, कोणत्या टाकीतून किती इंधन चाललंय, प्रवाशांना श्वासाला हवा बराबर मिळतेय का, हे सगळं त्या भिंतीवर. वैमानिक आभाळाकडे बघायचे आणि पुंजाराम भिंतीकडे. त्याच्या पदाला फ्लाइट इंजिनिअर म्हणत.

एकदा थोरला भाऊ कारभारी मुंबईला आला, तेव्हा पुंजारामनं साहेबांची परवानगी काढून त्याला हँगरमध्ये उभं असलेलं विमान दाखवलं. कारभारी जिना चढून त्या खोलीत आला, खुर्चीत बसला, भिंतीकडं बघत राहिला.

"आन् बाहेरचं काय दिसतं तुला?"

"काही न्हाई."

"लंडन न्हाई दिसत?"

"उतरल्यावर दिसतं."

कारभारीनं गावात येऊन सांगितलं, "आमचा पुंजा इमानात भिताडाकडं तोंड करून बसतो." ते गावाला चांगलंच लक्षात राहिलं. पुंजाराम सुट्टीवर आला की पारावरची मंडळी त्याला भिंतीकडं तोंड करून बसायला जागा करून द्यायची. तोही हसून बसायचा.

गावात त्याचा खरा दोस्त लालमियाँ. दोघं एका वर्गात होते. लालमियाँ पुढं शेतातल्या ऑईल इंजिनांचा मिस्त्री झाला. त्याची आई अकबरबी लग्नाकार्यात स्वयंपाक करून देणारी बाई होती. पुंजारामची आई तो लहान असतानाच गेली होती, त्यामुळं त्याची निम्मी जेवणं अकबरबीच्याच चुलीपुढं झाली होती. १९८६ साली लालमियाँनं आईला हजला न्यायचं ठरवलं. अकबरबीचे मामा पूर्वी बोटीनं गेले होते, पण तिला बोटीची धास्ती होती. अर्ज लागला तो विमानाचा. पुंजारामला कळल्यावर त्यानं ड्यूटी लावणाऱ्या बाबूला गाठून मक्केजवळच्या जेद्द्याची ती खेप स्वतःकडं मागून घेतली.

त्या दिवशी विमान भरलेलं होतं. पुरुषांच्या अंगावर शिलाई नसलेली पांढरी वस्त्रं, बायका डोक्यावरून पदर घट्ट बांधलेल्या. विमान सुटायच्या आधी पुंजाराम खाली जाऊन दोघांना भेटून आला. अकबरबी खिडकीजवळ बसली होती, मांडीवर कापडाचं गाठोडं.

"क्या रे पुंजा, तू चलाने वाला है?" तिनं विचारलं.

"न्हाई चाची. मी वर आहे, इंजिनाजवळ."

"एकच हुआ," ती म्हणाली.

कॅप्टन दस्तूर हा पारशी माणूस, केस पांढरे, बोलणं कमी. पुंजाराम त्याच्याबरोबर खूप उडाला होता. धावपट्टीवरून चाकं सुटली, विमान समुद्राकडं वळायच्या बेतात आलं, आणि धप्पकन आवाज झाला. पुंजारामच्या भिंतीवर तीन नंबरच्या इंजिनाचा काटा थरथरायला लागला. मागून खोल घरघर यायला लागली. बहुतेक घार गेली होती आत. पावसाळ्यात मुंबईच्या विमानतळावर घारी फार.

"तीन नंबर," पुंजाराम म्हणाला. "तापतंय. थरथर वाढतेय."

"बंद कर."

"तीन नंबर बंद करतोय," असं म्हणून त्यानं आधी हात ठेवला, दुसऱ्या वैमानिकानं वळून बघून हो म्हटलं, आणि मग खटका ओढला. चुकून चांगलं इंजिन बंद केल्याच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, म्हणून दोन माणसांनी बघून एक हात चालवायचा. घरघर थांबली. तीन इंजिनांवर विमान ठीक चालतं, ते त्याला माहीत होतं. पण जेद्द्यापर्यंतच्या इंधनानं भरलेलं एवढं जड विमान तसंच उतरवता येत नाही. दस्तूरनं विमान समुद्रावर नेलं आणि पुंजारामनं पंखांच्या टोकांतून इंधन सोडायला सुरुवात केली. काट्यावर डोळे ठेवून, दोन्ही पंख सारखे हलके होतील अशा बेतानं.

या सगळ्या वेळात त्याला खुर्ची सोडता येत नव्हती. खाली चारशे माणसं होती आणि त्यांतली दोन त्याची होती. वैमानिकानं माइकवरून सांगितलं, हवाईसुंदऱ्या रांगांतून फिरल्या. तरी मधेच त्यांतली एक वर आली आणि म्हणाली, एक गृहस्थ फार ओरडताहेत, पंखातून रॉकेल गळतंय म्हणून.

"लालमियाँ नाव आहे का?"

"नाव नाही विचारलं."

"त्यांना सांगा, पुंजारामनं सोडलंय."

ती जाऊन सांगून आली. पुढं ओरडणं झालं नाही.

विमान परत मुंबईला उतरलं, नीट थांबलं. कागद पुरे करून पुंजाराम खाली आला तेव्हा माणसं उतरायला लागली होती. लालमियाँ उभा होता, डोळे लाल.

"पुंजा, तू मुद्दाम सांडलं व्हय रे इतकं तेल?"

"वजन कमी केल्याबिगर उतरता येत न्हाई, लाल्या."

"आधी सांगायचं ना मंग! मी त्या पोरीला काय काय बोललो. आता हजला चाललो मी."

"मागून घे माफी. ती बघ, दारात उभी आहे."

लालमियाँ खरंच गेला आणि हात जोडून आला. अकबरबी मात्र जागेवरच बसून होती. तिनं पुंजारामला खालून वर बघितलं. "मुँह सूख गया रे तेरा," असं म्हणून गाठोडं सोडलं आणि दशमीचा तुकडा त्याच्या हातात दिला. तो तिथंच रिकाम्या सीटवर बसला आणि तिच्यासमोर दशमी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ते लोक दुसऱ्या विमानानं गेले, हज करून सुखरूप आले. गावात लालमियाँच्या तोंडून ती गोष्ट दरवर्षी वाढत गेली. पुंजारामनं ती कधी दुरुस्त केली नाही.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. पुंजारामला दोन मुली, दोघी मुंबईत शिकल्या. पुष्पाबाई, त्याची बायको, मूळची वडीगोद्रीची. विमानाचा आवाज तिच्या खिडकीतून दिवसभर यायचा आणि तिला त्याचं कौतुक नव्हतं. नवरा चार दिवस घरी, चार दिवस कुठं तरी, एवढाच तिच्यासाठी त्या नोकरीचा अर्थ.

१९९३ च्या सुमारास कंपनीत नवी जंबो आली. बाहेरून जवळजवळ तशीच. पुंजाराम आणि त्याचे सोबती ती बघायला हँगरमध्ये गेले. जिना चढून सगळे वरच्या खोलीत गेले. काचेसमोर दोन खुर्च्या, समोर टीव्हीसारखे पडदे. काटे नव्हते. उजव्या बाजूला भिंत होती, पण ती साधी भिंत. इंजिनं काय करताहेत ते कॉम्प्युटर बघणार होता, काही बिघडलं तर पडद्यावर लिहून दाखवणार होता. एकानं त्या भिंतीला हात लावून बघितला, जणू आत कुठं तरी ते खटके झाकून ठेवले असतील.

कंपनीनं कुणाला एकदम काढलं नाही. जुनी विमानं आहेत तोवर उडा, नाहीतर जमिनीवर शिकवायचं काम घ्या, नाहीतर पैसे घेऊन घरी जा, असं सांगितलं. बरेच जण गेले. पुंजारामनं जुनी विमानं निवडली. दस्तूर तेव्हा निवृत्त होणार होता. शेवटच्या खेपेनंतर बसमधून येताना तो म्हणाला, "पुंजाराम, तू मागं खोकलास की मी काट्याकडं बघायचो. आता नव्या मुलांच्या मागं कोण खोकणार?"

घरी त्यानं पुष्पाबाईला नव्या विमानाची हकीगत सांगितली. ती मेथी निवडत होती. तिनं सरळ विचारलं, "दोघांत भागतंय, तर मंग इतकी वर्षं तुम्हाला कशाला नेत होते?"

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण त्याला ते लागलं. दोन दिवसांनी जेवताना मधेच म्हणाला, "तवा भागत नव्हतं."

"काय?" पुष्पाबाईला आठवेना.

"काही न्हाई. भाजी चांगली झालीय."

जुनी जंबो विमानं एकेक करून कमी होत गेली. चार इंजिनांना इंधन फार लागायचं, आणि दोन इंजिनांवर तितकंच लांब जाणारी विमानं निघाली होती. २००२ साली पुंजारामच्या कंपनीतलं तसलं शेवटचं विमान विकलं गेलं. अमेरिकेत एका वाळवंटात जुनी विमानं नेऊन उभी करतात, तिथं ते पोचवायचं होतं. पुंजाराम तेव्हा पंचावन्नच्या पुढं गेला होता. ही खेप त्याचीच होती.

रिकामं विमान मुंबईहून सुटलं तेव्हा इतकं झटकन उचललं गेलं की दोघे वैमानिक हसले. त्यांना या खेपेनंतर नव्या विमानावर जायचं होतं, त्यामुळं त्यांच्या बोलण्यात पुढच्या परीक्षा आणि ट्रेनिंगच होतं. युरोपात एक मुक्काम करून ते समुद्र ओलांडायला निघाले. मध्ये सगळं शांत चाललेलं बघून पुंजाराम परवानगी घेऊन खाली फिरून आला. इतक्या वर्षांत त्यानं हे विमान असं रिकामं उडताना पाहिलं नव्हतं. पडदे बांधलेले, सगळ्या सीटांचे पट्टे कुणी तरी नीट आडवे टाकून ठेवलेले. एका सीटच्या खिशात लहान मुलाचा लोकरी मोजा राहिला होता. त्यानं तो हातात घेतला, परत ठेवला. मग वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या खुर्चीत बसून बघितलं. खुर्ची मऊ होती, खिडकीतून खाली नुसतं पांढरं दिसत होतं. पण तिथून इंजिनांचा आवाज त्याला ओळखीचा वाटेना. तो उठून आपल्या जागेवर आला.

वाळवंटात उतरले तेव्हा भर दुपार होती. रांगेनं विमानं उभी होती. कुणाच्या शेपटीवरचं नाव रंगानं पुसलेलं, कुणाची इंजिनं काढून घेतलेली. हातवारे करणाऱ्या माणसामागं जाऊन ते एका कडेला थांबले. पुंजारामनं इंजिनं बंद केली. एरवी इंजिनं बंद झाली तरी विमानात वीज चालूच ठेवतात. झाडणारे येतात, जेवण भरणारे येतात, पुढचे लोक येतात. इथं वर आलेला अमेरिकन माणूस म्हणाला, "सगळंच बंद करा. बॅटरीसुद्धा."

पुंजाराम ओळीनं एकेक खटका पाडत गेला. दिवे गेले, पंख्यांचा आवाज बसत गेला. बॅटरीचा खटका शेवटी. त्यावर बोट ठेवून तो थोडा थांबला. वैमानिक टोप्या घालून दारात उभे होते, त्यांनी घाई केली नाही. मग त्यानं तोही पाडला. समोरच्या काचेवर वाळूचे कण येऊन आपटत होते, ते आता ऐकू आलं. तो कोट घेऊन उतरला.

मुंबईतलं घर धाकट्या मुलीला देऊन दोघं नवरा-बायको गावी आले. कारभारीनं बांधून ठेवलेल्या दोन खोल्या होत्या, शेतात मोसंबीचा बाग होता. पहिल्याच आठवड्यात कारभारीनं विचारलं, "मंग त्या इमानाचं काय करत्यात आता?"

"इंजिनं काढून विकत्यात. बाकी मोडत्यात."

"एवढं मोठं धूड मोडत्यात? कशानं?"

"मशीन असतं. पत्रा कापून वितळवत्यात."

"मंग भांडी होत असतील त्याची," कारभारी म्हणाला. पुंजारामला हसू आलं. बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

पण गावात त्याचा जीव रमेना. मोसंबीला पाणी देणं, बाजारला जाणं, लालमियाँच्या दुकानावर बसणं, एवढं करूनही दिवस उरायचा. पुष्पाबाई बघत होती. वर्षभरानं एका सकाळी फोन आला. दस्तूर बोलत होता. शारजात एक माल वाहणारी कंपनी होती, तिनं इतरांनी टाकलेली जुनी जंबो विमानं घेतली होती. त्यांना तिसऱ्या खुर्चीवरची माणसं मिळत नव्हती.

फोन ठेवल्यावर त्यानं पुष्पाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "जा तुम्ही."

"तू येशील?"

"मी न्हाई. आत्ता कुठं मला शांत झोप लागून राह्यली. तुम्ही जा. पण परत आल्यावर तोंड पाडून बसायचं न्हाई. ते आता बिलकुल चालायचं न्हाई."

तो गेला. त्या विमानात सीटा नव्हत्या. कधी मशीनचे सुटे भाग, कधी केनियातली फुलं, कधी कोंबडीची पिल्लं, आणि एकदा अरबांचे शर्यतीचे घोडे. घोड्यांच्या वेळी दस्तूर असता तर काय म्हणाला असता, असं त्याला वाटलं. उडताना एक घोडा खिंकाळला आणि इजिप्तचा कॅप्टन दचकून विचारायला लागला, कोणतं इंजिन? पुंजाराम म्हणाला, "चारही ठीक आहेत. हे पाचवं आहे." ती वर्षं त्याला फार आवडली. भिंत तीच होती, काटे तेच होते, आणि त्याला तिथं कुणी उपकार म्हणून ठेवलेलं नव्हतं.

मग एकदा नैरोबीला उतरायच्या तयारीत असताना कॅप्टननं मान वळवून बोटानं भिंतीकडं दाखवलं. एक बारीक घंटी वाजत होती. पुंजारामला ती ऐकूच आली नव्हती. बाब किरकोळ होती, एका दाराच्या सेन्सरची, त्यानं खटका दाबून ती थांबवली. विमान उतरलं. पण त्या खुर्चीत बसलं की वैमानिक डाव्या हाताला येतात, आणि डाव्या बाजूचंच त्याला ऐकू येत नव्हतं. आठवून बघितल्यावर लक्षात आलं की बऱ्याच दिवसांपासून तो लोकांच्या ओठांकडं बघत होता.

कॅप्टन भला माणूस होता. "इंजिनिअर, वय झालं की सगळ्यांचंच होतं," तो म्हणाला. "पुढची तपासणी लांब आहे. मी काही बोलणार नाही."

"मला ऐकू आलं नाही, कॅप्टन," पुंजाराम म्हणाला. "आज घंटी दाराची होती."

शारजाला आल्यावर तो स्वतःच डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं कानाला मशीन लावून तपासलं आणि मान हलवली. त्या दिवशी संध्याकाळी त्यानं बॅग भरली. वाळवंटात त्याला लागलं होतं तसं या वेळी काही लागलं नाही. का ते त्यानंही फार उकरून काढलं नाही. दस्तूरला फोन करून सांगितलं तेव्हा दस्तूर म्हणाला, "मी असतो तर मीही ओळखलं नसतं. तुझं तूच ओळखलंस, बरं झालं."

गावी आल्यावर त्यानं तोंड पाडलं नाही. जालन्याला जाऊन कानाचं यंत्र घेतलं, ते तो बाजारच्या दिवशीच लावतो, कारण घरात त्याची गरज पडत नाही. पुष्पाबाई बोलायचं असलं की उजव्या बाजूला येऊन बसते. कारभारीनं मोसंबीच्या ठिबकाचं सगळं काम त्याच्याकडं देऊन टाकलंय. कुठल्या ओळीला कधी पाणी सोडायचं, ते तो ठरवतो, आणि कारभारी त्यात बोलत नाही.

परवा तो बागेत असताना वरून एक विमान गेलं. कारभारीनं वर बोट दाखवलं.

"पुंजा, हे तुझं का?"

पुंजारामनं डोळ्यावर हात धरून बघितलं. मागं दोनच पांढऱ्या रेघा उठत होत्या, म्हणजे इंजिनं दोनच.

"न्हाई," तो म्हणाला, आणि पुढच्या ओळीचा कॉक उघडायला गेला.